टाचदुखी, शाळेचे बूट आणि पायाचं खरं माप

थोरला नऊ वर्षांचा आहे आणि धाकटी सव्वा वर्षाची. थोरल्याची टाच दुखायला लागली ऑगस्टमध्ये. त्याच्या पायाला नीट बसणारे बूट मिळाले आणि ते घालून शाळेत जायची लेखी परवानगी हातात पडली, तोवर नोव्हेंबर अर्धा सरला होता. मधल्या काळात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, बुटांची दुकानं, शाळेचं ऑफिस असं सगळं झालं. मुलांच्या पायांबद्दल इतकं उलटसुलट कानावर पडतं की नेमकं काय करायचं तेच उमगत नाही. म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरुवात मैदानावरून झाली. खेळून घरी आला की पहिली काही पावलं तो चवड्यांवर टाकायचा, टाच टेकवायचीच नाही. सकाळी उठल्यावर काही नाही, शाळेत जाताना काही नाही, पळून-उड्या मारून झाल्या की दुखणं हजर. पडला नव्हता, पाय मुरगळला नव्हता, सूज दिसत नव्हती. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की हे वाढीचं दुखणं, जाईल आपोआप. मलाही ते पटलं असतं, पण मुलगा लंगडत होता, आणि वाढीच्या दुखण्यात मूल लंगडत नाही. ते दुखणं बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री, मांड्या-पोटऱ्यांमध्ये येतं आणि सकाळी मूल नेहमीसारखं उड्या मारतं. एकाच ठिकाणी बोट ठेवून ‘इथे दुखतं’ असं मूल सांगत असेल आणि चाल बदलली असेल, तर दाखवून घ्यावं.

आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून बालअस्थिरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. त्यांची वेळ पंधरवड्यानंतरची मिळाली. ते दिवस फार काळजीत गेले. रात्री मुलं झोपली की मी फोनवर वाचत बसायचे आणि वाचलेलं प्रत्येक भयंकर नाव मला त्याच्या पायात दिसायचं. त्या काळात केलेल्या दोन गोष्टींचा मात्र फार उपयोग झाला. एक म्हणजे छोटी नोंदवही: कुठल्या दिवशी दुखलं, कुठला पाय, त्याआधी काय खेळला, पायात काय होतं. दुसरी गोष्ट बालरोगतज्ज्ञांच्या मदतनीस बाईंनी सुचवली. ‘जाताना त्याचे सगळे बूट-चपला पिशवीत घालून न्या, धुवू नका, पुसू नका, आहेत तसे.’ शाळेचे काळे बूट, खेळाचे बूट, सँडल, घरातल्या स्लिपर, सगळं घेऊन गेले. पायाच्या तक्रारीसाठी कुणाकडेही जाणार असाल तर एवढं करायला विसरू नका. मूल जे शब्दांत सांगू शकत नाही ते बुटाच्या झिजलेल्या तळावर स्पष्ट दिसतं.

तपासणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. आधी अनवाणी चालायला लावलं, डॉक्टर मागून बघत होते. मग चवड्यांवर उभं राहा, मग नुसत्या टाचांवर चाल, मग उकिडवा बस. पोटरीचे स्नायू किती ताठ आहेत ते गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकलून पाहिलं. शेवटी टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरून दाबली, तसा तो ‘आई गं’ म्हणून पाय ओढायला लागला. निदान तिथेच झालं.

डॉक्टरांनी टाचेचं हाड कागदावर काढून दाखवलं. या वयात टाचेच्या मागच्या बाजूला हाडाचा एक वेगळा तुकडा असतो आणि तो मुख्य हाडाला कूर्चेच्या पट्टीने जोडलेला असतो. हाड वाढतं ते याच पट्टीतून. पोटरीचा जाड स्नायुबंध नेमका त्या तुकड्यावर येऊन चिकटतो. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड पुढे जातं आणि पोटरी मागे राहते, ताठ होते, आणि प्रत्येक उडीला त्या तुकड्याला हिसका बसतो. त्यात बुटाचा तळ पातळ आणि कडक असेल तर जमिनीचा मारही तिथेच. साधारण आठ ते चौदा या वयात, विशेषतः खेळणाऱ्या मुलांमध्ये, हे नेहमी दिसतं. जेम्स सेव्हर या अमेरिकी अस्थितज्ज्ञांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. कूर्चेची ती पट्टी पुढे हाडात विरघळून जाते आणि दुखणं कायमचं थांबतं. मागे काही व्यंग राहत नाही. हे ऐकलं आणि इतक्या दिवसांचा छातीवरचा भार एकदम उतरला.

एक्स-रे लागला नाही. मी दोनदा विचारलं, कारण मनात शंका राहायला नको होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की दाबल्यावर नेमकं तिथेच दुखणं एवढं यासाठी पुरेसं असतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बसल्या जागी दुखणं, सूज, ताप, किंवा आठवडे उलटूनही काहीच फरक न पडणं, यातलं काही असतं तर एक्स-रे आणि रक्ततपासणी केली असती.

उपचार अगदी साधे होते. काही आठवडे पळणं आणि उड्या कमी, पोहणं-सायकल चालेल. पोटरीचे ताण रोज सकाळ-संध्याकाळ. खेळल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ टाचेवर दहा-पंधरा मिनिटं. दोन्ही बुटांत टाचेखाली मऊ गादी. दुखते एकच टाच तरी दोन्हीकडे, नाहीतर एक पाय उंच राहतो. फिजिओथेरपिस्टकडे एकदाच जायचं, व्यायाम नीट शिकून घ्यायला. मोठा खर्च म्हणावा असं यात काहीच नव्हतं.

मग त्यांनी पिशवी मागितली.

शाळेच्या बुटाची आतली गादी त्यांनी उपसून बाहेर काढली, जमिनीवर ठेवली आणि त्याला अनवाणी त्यावर उभं केलं. टाच मागे बरोबर बसली होती. पुढे मात्र अंगठा गादीच्या कडेपर्यंत आला होता आणि करंगळी जवळजवळ अर्धी बाहेर जमिनीवर टेकत होती. गादीच्या टोकाशी बोटांचे पाच काळपट खळगे पडले होते, त्यातला अंगठ्याचा खळगा पार काठाला भिडलेला. मोजा काढलेल्या पायावर करंगळीच्या बाहेरच्या बाजूला लालसर कडक घट्टा होता आणि उजव्या अंगठ्याचं नख मुळाशी निळसर. ‘बूट लागतात का रे?’ असं मी त्याला त्याच आठवड्यात विचारलं होतं. तो ‘नाही’ म्हणाला होता, आणि ते त्याच्या परीने खरंच होतं. मुलांची हाडं पुरती टणक झालेली नसतात, सांधे लवचीक असतात, बोटं मिळेल त्या जागेत दुमडून बसतात आणि मेंदूपर्यंत तक्रार जातच नाही. ऑस्ट्रियात बालवाडीच्या वयाच्या ८५८ मुलांची पाहणी झाली होती. त्यात बहुतेकांच्या पायांत आखूड बूट निघाले, आणि बूट जितका आखूड तितका अंगठा करंगळीच्या दिशेने जास्त वळलेला आढळला.

डॉक्टरांनी इथे एक गोष्ट आवर्जून वेगळी करून सांगितली. टाच दुखते ती वाढीमुळे आणि पोटरीच्या ताठरपणामुळे. नख आणि घट्टा आखूड बुटामुळे. बूट बदलला की टाच लगेच बरी होईल अशी आशा धरू नका, पण बूट बदलल्याशिवाय काहीच धड होणार नाही.

धाकटीला कडेवर घेऊनच गेले होते, तिच्याबद्दलही विचारून घेतलं. तिचे तळवे एकदम सपाट, ओल्या पायाचा ठसा फरशीवर संपूर्ण उमटतो. सासूबाईंना त्याची फार काळजी होती. ‘सूनबाई, हिला आत्ताच कमानीचे बूट घेऊन टाका, नंतर पाय वळणार नाहीत,’ असं त्या वारंवार म्हणत होत्या. डॉक्टर म्हणाले, या वयात तळवा सपाटच दिसतो. कमानीच्या जागी चरबीची गादी असते, पायातली बरीच हाडं अजून कूर्चाच असतात, सांधे सैल असतात. कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू दिसायला लागते. तपासायची खूण अशी: मूल चवड्यांवर उभं राहिलं, किंवा आपण त्याचा अंगठा हाताने वर उचलला, की कमान दिसली पाहिजे. दिसली तर पाय लवचीक आहे, काळजी नाही. चवड्यांवर उभं राहूनही तळवा सपाटच, पाय ताठ, दुखरा, किंवा दोन पायांत स्पष्ट फरक असेल, तर मात्र तपासणी हवीच.

कमानीचे बूट, आत बसवायच्या कमानी, यांनी कमान तयार होते का, हा प्रश्न मी सरळ विचारला, कारण एका दुकानात आम्हाला मापाने बनवलेल्या महागड्या कमानी घ्यायचा आग्रह झाला होता. उत्तर ‘नाही’ असं आलं. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लवचीक सपाट पायांच्या मुलांचे गट करून तीन वर्षं पाहिलं होतं: काहींना खास बूट, काहींना कमानी, काहींना काहीच नाही. शेवटी सगळ्यांच्या पायांत सारखीच सुधारणा दिसली. आपल्याकडेही राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांची पाहणी केली, ती १९९२ मध्ये छापून आली. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं आणि अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के, त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत सर्वांत जास्त. कमान घडते ती मुख्यतः सहा वर्षांच्या आत, असं त्यांनी मांडलं. घरी येऊन हे सासूबाईंना समजावून सांगितलं. ‘म्हणजे पायांना मोकळं सोडायचं एवढंच ना?’ असं म्हणून त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच रात्री आम्ही घरी मापं घेतली. ही पद्धत पुरती लिहिते, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर वावरून पाय किंचित फुगलेले असतात. भिंतीला लावून जमिनीवर कागद चिकटवायचा. मूल उभं हवं, दोन्ही पायांवर सारखा भार. बसलेल्या मुलाचा पाय आखूड मोजला जातो. टाच भिंतीला टेकलेली. मूल खाली वाकून बघायला गेलं की भार बदलतो, म्हणून समोर उंचावर बघायला काहीतरी द्यावं. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी, अगदी काटकोनात धरून खूण करायची. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. भिंतीपासून खुणेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजायचं. दोन्ही पाय मोजायचे आणि जो मोठा निघेल तो खरा धरायचा. थोरल्याचा डावा २१२ निघाला, उजवा २१६. निळं नख उजव्या पायाचं होतं.

यात पुढे १२ मिलिमीटर मिळवायचे. चालताना पाय बुटात थोडा पुढे सरकतो आणि लांबतो, त्यासाठी अर्धा सेंटीमीटर तरी लागतो. उरलेली जागा वाढीची. म्हणजे त्याला आतून २२८ मिलिमीटरचा बूट हवा होता. मग हातातल्या बुटांची आतली लांबी मोजली. कडक पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापून बुटात सरकवायची, टोक पुढे भिडेपर्यंत. ती मागच्या भिंतीपाशी कुठे येते तिथे खूण करून बाहेर काढून मोजायची. शाळेचा बूट आतून २१८ भरला. उजव्या पायापुढे फक्त दोन मिलिमीटर उरले होते.

पाय किती वेगाने वाढतात याचा साधारण अंदाज असा: एक ते तीन वर्षांत महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास, पुढे सहापर्यंत महिन्याला एक, आणि शाळेच्या वयात त्याहून थोडा कमी. तोही सरळ रेषेत नाही, काही महिने काहीच नाही आणि मग एकदम. म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत दर दोन महिन्यांनी आणि नंतर तीन-चार महिन्यांनी माप घ्यायचं असं आम्ही ठरवलं. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा आहेतच, त्यांच्या शेजारी आता तारखेसह पायाचे आकडे लिहितो.

नंबरांची भानगड इथेच सांगते. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, साधारण ६.७ मिलिमीटर. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. तिथे लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात. शिवाय दोन कंपन्यांचा एकच नंबर आतून सारखा भरेल याची खात्री नाही. दुकानात मी पुठ्ठ्याची पट्टी घालून पाहिली तेव्हा एकाच नंबराच्या बुटांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक सापडला. नंबर शोधाशोध सोपी करायला ठीक, निर्णय मिलिमीटरवर घ्यायचा.

सप्टेंबरचे दोन शनिवार-रविवार बूट शोधण्यात गेले. जाताना बरोबर काय घेतलं: थोरल्याचे रोजचे मोजे, पुठ्ठ्याची पट्टी, टाचेखालची गादी, आणि उजव्या पायाचा कागदावर काढून कापलेला आकार. लहान मूल बरोबर नेणं शक्य नसेल तर हा कापलेला आकार फार कामाचा. बुटाची गादी काढायची आणि आकार तिच्यावर ठेवायचा. लांबीच नव्हे, रुंदीही एका नजरेत कळते. गादी निघत नसेल असा बूट मी बाजूलाच ठेवला.

एका दुकानात मात्र धातूचं जुनं मोजयंत्र होतं. सपाट तबक, टाचेला खोलगट जागा, बाजूने सरकणाऱ्या पट्ट्या. अमेरिकेतल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात ते बनवलं आणि आजही तेच रूप चालतं. ते तीन मापं देतं: टाचेपासून बोटापर्यंत, टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या उंचवट्यापर्यंत, आणि रुंदी. मधलं माप महत्त्वाचं, कारण बूट नेमका त्या उंचवट्याखाली वाकला पाहिजे. थोरल्याचा पाय लांबीच्या मानाने रुंद आहे हे तिथे कळलं. अरुंद बुटात रुंद पाय बसवायला लोक नंबर वाढवतात, मग बूट लांब होतो, भलत्या जागी वाकतो आणि टाच मागे सुटते. रुंद पायाला रुंद बूटच लागतो.

बाकीच्या दुकानांत ठरलेली गोष्ट व्हायची. विक्रेता बुटाचं टोक अंगठ्याने दाबायचा आणि म्हणायचा, ‘ताई, भरपूर जागा आहे बघा.’ पण वरून दाब आला की मूल बोटं आपसूक आत ओढून घेतं, आणि टोक कडक असेल तर काही कळतही नाही. आतलं दिसावं ही इच्छा किती जुनी आहे पाहा. १९२० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत क्ष-किरणांचं यंत्र असायचं. मूल बूट घालून त्यात पाय सरकवायचं आणि वरच्या झरोक्यातून आई आणि विक्रेता हलणाऱ्या बोटांची हाडं बघायचे. किरणांचा धोका ध्यानात आल्यावर ती यंत्रं बंद पाडली. गादी बाहेर काढून तिच्यावर उभं करणं हे काम बिनधोक करतं.

दुसरा नेहमीचा सल्ला: ‘एक नंबर मोठा घ्या, दोन वर्षं बघायला नको.’ वाढीव माप घ्यायचं ते एवढ्या बारा मिलिमीटरांपुरतं. त्याहून मोठ्या बुटात पाय पुढे घसरतो, बोटं टोकावर आदळतात, आणि बूट निसटू नये म्हणून मूल सतत बोटं आवळून चालतं. आमच्या घरचं गणित शेवटी असं बसलं की महाग जोड घेऊन तो ओढत नेण्यापेक्षा मध्यम किमतीचा जोड घ्यावा आणि वेळेवर बदलावा.

बूट हातात घेतल्यावर मी काय तपासत होते, तेही सांगते. टाचेभोवतीची मागची भिंत दोन बोटांनी दाबली तर ती पटकन चेपू नये. बूट पुढच्या तिसऱ्या भागात, बोटांच्या मुळाशी सहज वाकावा. मधोमध दुमडला गेला तर नको. ओल्या कपड्यासारखा पिळला जाणारा बूटही नको. वजन हलकं. नाडी किंवा वेल्क्रो हवंच, नुसता सरकवायचा बूट रोजच्या वापराला नाही, कारण पायाला मागे धरून ठेवणारं त्यात काही नसतं. आत हात घालून सगळीकडे बोट फिरवावं, एखादी शिवण टोचते ती अशीच सापडते. मग दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून, कडक फरशीवर चालवायचं. दुकानातला गालिचा सगळ्या बुटांना मऊ करतो. पळवायचं, जिना चढवायचा. टाच किंचित हलली तर चालतं, उचलून बाहेर येऊ नये.

शेवटी पसंत पडला तो संपूर्ण काळा, साध्या खेळाच्या बुटासारखा एक जोड. आतून २२८ मिलिमीटर, टाचेखालची गादी घालूनही वर घट्ट होत नव्हता. ही गादी पाय वर उचलते, म्हणून ती घालूनच बूट बघावा लागतो.

आता शाळेचा प्रश्न उभा राहिला. गणवेशात कडक तळाचे काळे चामडी बूट ठरलेले, खेळाचे बूट फक्त खेळाच्या दिवशी. वर्गशिक्षिकांनी समजून घेतलं, पण परवानगी ऑफिसातून लागते म्हणाल्या. अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलं. आठवडाभराने ते परत आलं, कारण त्यावर मुदत लिहिलेली नव्हती. डॉक्टर त्या वेळी सुट्टीवर होते, त्यामुळे नवं प्रमाणपत्र मिळायला ऑक्टोबर संपत आला. तोवर थोरला खेळाच्या जुन्या, पण पुरेशा लांब बुटांवर ‘तात्पुरती सवलत’ म्हणून जात होता, आणि रोज प्रवेशद्वारावर त्याला कारण सांगावं लागायचं. त्याला त्याची लाज वाटायची, ते मला फार लागलं. मग वर्गशिक्षिकांनी डायरीत शेरा लिहून सही करून दिली आणि तो त्रास थांबला. असा शेरा पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

प्रमाणपत्रात काय असावं ते आता पक्कं माहीत आहे: मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी, निदान एका ओळीत, बूट कसा हवा याचं वर्णन (मऊ जाड तळ, नाडी किंवा वेल्क्रो, टाचेला आधार, रंग गणवेशाचा), कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. कंपनीचं नाव लिहून घेऊ नये, तो बूट मिळेनासा झाला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. अर्जाची एक प्रत ऑफिसची पोच घेऊन जवळ ठेवावी.

टाचेचं म्हणाल तर, ऑक्टोबरच्या मध्यावर पहिल्यांदा खेळून येऊन तो पूर्ण टाच टेकवत घरात शिरला. त्यानंतरही दोनेकदा दुखलं, ज्या आठवड्यांत व्यायाम चुकले तेव्हाच. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की हाड वाढतंय तोवर हे येत-जात राहील. पोटरीचा ताण दात घासण्याला जोडून दिल्यापासून तो चुकत नाही: भिंतीला हात, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, तीस आकडे मोजायचे.

पायांची निगा हा भाग मला आधी फारच किरकोळ वाटायचा, पण त्याचा फरक दिसतो. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बुरशी तिथेच धरते. नखं सरळ रेषेत कापायची. कोपरे गोल आणि खोल कापले की नख मांसात रुततं. मोजेही आखूड होतात, आणि घट्ट मोजा बोटांना बुटाइतकाच आवळतो, म्हणून बूट बदलताना मोजेही बदलले. ओले झालेले बूट गादी बाहेर काढून, आत कागद कोंबून वाऱ्यावर वाळवायचे. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले की चिकटवलेला तळ सुटतो. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून. आणि नाडी न सोडता एका पायाने दुसऱ्या बुटाची टाच दाबून बूट काढायची सवय मोडायला हवी, मागची भिंत त्यानेच कोलमडते. ही सवय मोडायला आमच्याकडे अजून वेळ लागतोय. रविवारी अंघोळीनंतर दोघांचे पाय उजेडात नीट बघते: लाली, फोड, घट्टा, नखाचा रंग. नखाचा निळेपणा वर सरकत नखाबरोबर कापला जायला महिने लागतात, तो अजून थोडा शिल्लक आहे.

नणंदेने तिच्या मुलाचे जुने बूट पाठवले होते. त्यातला एक जोड जवळपास न वापरलेला, तळ सपाट, गादीवर ठसे नाहीत, तो मापात बसला म्हणून ठेवला. दुसऱ्याचा तळ एका बाजूने झिजलेला आणि गादीत दुसऱ्याच पायाचा साचा उमटलेला, तो परत केला. वापरलेल्या बुटांना सरसकट नाही म्हणायची गरज नाही, आत आणि खाली पाहून ठरवावं.

धाकटी आता भिंत न धरता चालते. घरात अनवाणीच असते. गार फरशीवर मोजा घातला तर ती घसरते, म्हणून तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे. बाहेर पायाला काही टोचू नये एवढ्यासाठी पहिले बूट घेतले: पातळ, हाताने सहज दुमडणारे, पुढे रुंद, टाचेला आधार आणि वेल्क्रो. तिचा पाय ११८ मिलिमीटर भरला आणि बूट आतून १३०. घालून दिल्यावर पहिल्यांदा पाय उंच उचलत चालली, थोड्या वेळात विसरली. तिचं पुढचं माप दोन महिन्यांनी.

थोरल्याच्या प्रमाणपत्राची मुदत शैक्षणिक वर्षाच्या शेवटापर्यंत आहे. नव्या वर्षी दुखणं राहिलं तर नवं प्रमाणपत्र लागेल. शाळा सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांची वेळ घ्यायची, म्हणजे पहिल्या दिवसापासून परवानगी हातात असेल.